द्राक्षे तपासली, हात राहिले

(सीवूड्स, नवी मुंबई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



सीवूड्समध्ये उभे राहून शेतमजुरांच्या कातडीविषयी बोलणे अनेकांना अस्थानी वाटेल. दारावे, करावे या गावांची भातखाचरे आणि मिठागरे सिडकोने घेतली त्याला अर्धशतक होत आले. आज इथल्या मुलांना शेत दिसते ते पुणे किंवा नाशिकच्या रस्त्यावर, गाडीच्या काचेतून. तरीही हा विषय इथून फार दूर नाही. एका अंगाला वाशीची बाजारसमिती आहे, दुसऱ्या अंगाला उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत नाशिक-सांगलीकडची द्राक्षे यांपैकी एका दाराने देशात, दुसऱ्या दाराने युरोपात जातात. या फळाच्या सालीवर कोणते रसायन किती उरले आहे, हे शोधण्याची मोठी यंत्रणा आपण उभी केली आहे. ज्या हातांनी ते फळ वाढवले त्यांच्या कातडीवर काय उरले, हे विचारणारी यंत्रणा मात्र नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: बुरशीनाशकांमुळे मजुरांच्या त्वचेवर उठणारे विकार हा मुख्यतः नोंदीचा प्रश्न आहे. ती नोंद करणे आपल्याला जमते, हे आपण फळाच्या बाबतीत सिद्ध केलेले आहे.

आधी काम कसे चालते ते पाहू. निफाड, दिंडोरी, चांदवड किंवा तासगाव, मिरज या भागांत द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, जिला बागायतदार गोडी छाटणी म्हणतात. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. पुढे फेलफूट काढणे, शेंडा खुडणे, घडांची विरळणी, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवण्याचे डिपिंग, पाने काढणे आणि शेवटी तोडणी. यांतले जवळजवळ प्रत्येक काम पानांत आणि घडांत हात घालून करायचे आहे. ते करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून टोळ्या उतरतात, मुकादमाशी एकरी उक्ता दर ठरतो आणि एक बाग संपली की टोळी दुसऱ्या बागेत जाते. याच महिन्यांत बागेवर बुरशीनाशकांचा मारा सर्वाधिक असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, पाने काही तास ओली राहिली, की डाऊनी म्हणजे केवडा पसरतो आणि ऐन फुलोऱ्यात आला तर घडच्या घड जातात. म्हणून मॅन्कोझेब, मेटॅलॅक्झिल, डायमेथोमॉर्फ, बोर्डो मिश्रण; पुढे थंडीत भुरी आली की गंधक आणि ट्रायझोल गटातली औषधे. पावसाळी हवामानात या फवारण्या एकामागून एक, कधी रोजाआड होतात. बागायतदार हे हौसेने करत नाही. एका रात्रीच्या पावसाने वर्षाचे उत्पन्न जाऊ शकते, हे त्याने पाहिलेले असते.

फवारणीचा धोका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पंप घेतलेला माणूस येतो. तो धोका खराच आहे. पण बागेत त्याहून मोठ्या संख्येने माणसे नंतर येतात. फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने तासा-दोन तासांत उरकते. विरळणीला मात्र दहा-बारा जणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच पानांत असतात. मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक पानाच्या आत जात नाही. ते पृष्ठभागावर थर धरून बसते आणि त्यातच त्याचा गुण आहे. म्हणूनच ते पानावरून हातावर, हातावरून पापण्यांवर आणि मानेवर येते. पहाटेचे दव आणि दुपारचा घाम या थराला ओले करतात, आणि ओली कातडी रसायन अधिक शोषते. शरीराच्या सगळ्या भागांची शोषणक्षमताही सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या प्रयोगांत दिसले होते की हाताच्या पुढच्या भागापेक्षा कपाळ, काख आणि जांघेची त्वचा ते कितीतरी अधिक शोषते. हाताला लागलेले औषध घाम पुसताना कपाळावर जाते, तेव्हा ते कमी राखणीच्या जागी पोचलेले असते.

त्वचेवरच्या विकारांचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि पुढचा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे. पहिला दाहजन्य. गंधकाची भुकटी, बोर्डो मिश्रणातला मोरचूद आणि चुना, हायड्रोजन सायनामाइड यांनी कातडी थेट भाजते, लाल होते, सोलते. हे कोणालाही होऊ शकते, मात्रा जास्त तितका त्रास जास्त, आणि बहुधा त्याच दिवशी दिसते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. रसायनाचे सूक्ष्म रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात, शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना परके म्हणून ओळखायला शिकतात. या शिकण्याला दहा-पंधरा दिवस किंवा अधिक काळ लागतो आणि त्या काळात बाहेर काहीही दिसत नाही. नंतर तेच रसायन पुन्हा लागले की एक ते तीन दिवसांत पुरळ, खाज, पाणी भरलेले फोड उठतात. ही ओळख एकदा पक्की झाली की बहुधा आयुष्यभर टिकते आणि पुढे अगदी थोडी मात्राही पुरते. मॅन्कोझेब, कॅप्टन, क्लोरोथॅलोनिल, थायरम, फ्लुआझिनाम या बुरशीनाशकांच्या युरोपीय वर्गीकरणात ‘त्वचेची ॲलर्जी होऊ शकते’ असा इशारा अधिकृतपणे नोंदलेला आहे. म्हणजे ही कुणा चळवळीने उठवलेली शंका नाही. मान्यताप्राप्त शास्त्राने मान्य केलेला गुणधर्म आहे. थायरम तर द्राक्षापुरते नाही. सोयाबीन, भुईमूग यांच्या बियाण्याला पेरणीपूर्वी किलोला तीन ग्रॅम थायरम चोळण्याची शिफारस वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि ते चोळणारे हात पुष्कळदा उघडेच असतात.

आता आपल्याकडच्या डब्यावर काय छापलेले असते ते पाहा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. हे रंग ठरतात ते प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात यावरून, तोंडावाटे आणि त्वचेवाटे. मॅन्कोझेबची तोंडावाटेची ही मात्रा किलोमागे पाच हजार मिलिग्रॅमच्या वर आहे, म्हणून त्याला हिरवा त्रिकोण. या मोजमापात काही चूक नाही. मॅन्कोझेब पोटात गेल्याने मरण्याचा धोका मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या तुलनेत खरोखरच फार कमी आहे. परंतु त्रिकोण एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हे अंगात किती गेले तर मरण येईल. ॲलर्जी येईल का, या प्रश्नाला त्यात रंगच नाही. शेतकरी, दुकानदार आणि मजूर तिघेही हिरव्या रंगाचा अर्थ ‘निर्धास्त’ असा घेतात, कारण डब्यावर दुसरे ठळक चिन्ह त्यांना दिलेलेच नाही. लाल त्रिकोणाच्या औषधाला माणूस निदान बिचकतो. हिरव्या त्रिकोणाचे औषध हाताने कालवले जाते, तेही हंगामभर.

यावर पहिला स्वाभाविक प्रश्न येतो की विकार एवढा असेल तर तो दवाखान्यात का दिसत नाही. याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आणि मजुरीच्या पद्धतीत आहे. सोमवारी ज्या बागेत हात गेला त्याचे पुरळ बुधवारी उठते, तोवर टोळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या मालकाकडे असते. बुधवारच्या मालकाने काही फवारलेलेच नसते, सोमवारच्या मालकाला काही कळत नाही, आणि बाईला वाटते की पाणी बाधले. दिवस बुडवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे तर मजुरी जाते, म्हणून मेडिकलच्या दुकानातून मलम येते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या अशा मलमांत स्टेरॉईड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असते. पुरळ चार दिवस दबते, खूण पुसली जाते आणि कारण तसेच राहते. डॉक्टरांपर्यंत कोणी पोचलेच तर ‘त्वचादाह’ एवढी नोंद होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने रोग्याला ‘तू काम काय करतोस’ हे विचारण्याचा आग्रह धरला आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर त्या प्रश्नाला आजही क्वचितच जागा असते; ‘बागेत शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली’ हा प्रश्न तर त्याहून पुढचा.

कायद्याची स्थिती याहून उद्बोधक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती आणि रसायनांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह त्यात स्पष्टपणे होता, दाहक आणि ॲलर्जीकारक अशा दोन्ही प्रकारांच्या उल्लेखासह. अशा रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचे, असा त्या कायद्याच्या ८९ व्या कलमाचा दंडक. अशा रोगांची यादी पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेलाही जोडली गेली. याचा अर्थ असा की आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात बुरशीनाशक पुड्यांत भरणाऱ्या कामगाराच्या हाताला पुरळ आले, तर तो कायद्याच्या नजरेत दखलपात्र रोग. तीच पूड निफाडच्या बागेत पानांवरून एखाद्या मजूर बाईच्या हाताला लागली, तर ती तिची खाज. रसायन एक, कातडी एक, विकार एक. बदलला तो फक्त कामाचा पत्ता. शेतीसाठी दारच नाही असेही नाही. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात ‘कीटकनाशक’ या व्याख्येत बुरशीनाशके आणि तणनाशकेही येतात. त्याच्या २६ व्या कलमानुसार राज्य सरकार अधिसूचना काढून डॉक्टर किंवा अन्य कोणालाही अशा रसायनांच्या वापरातून झालेल्या विषबाधा कळवण्यास बांधील करू शकते. पण कलमाचा शब्द ‘विषबाधा’ आहे. दवाखान्यात त्याचा अर्थ बेशुद्धी, उलट्या, मृत्यू असा घेतला जातो. पुरळ त्यात बसवायचे तर अधिसूचनेत ते नावानिशी लिहावे लागेल.

मृत्यू झाल्याशिवाय आपण हिशेब मांडत नाही, हे २०१७ साली यवतमाळने दाखवून दिले. जुलै ते ऑक्टोबर या काळात कापसावर कीटकनाशके फवारणारे शेतकरी आणि मजूर शेकड्यांनी रुग्णालयांत दाखल झाले आणि त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. विशेष तपास पथक नेमले गेले, काही उत्पादनांवर तात्पुरती बंदी आली, फवारणी किट वाटण्याचे कार्यक्रम झाले. ती कीटकनाशके होती आणि त्यांची बाधा मज्जासंस्थेला होती. बुरशीनाशकांच्या त्वचाविकारांशी तिची गल्लत करणे मला योग्य वाटत नाही. परंतु त्या प्रकरणाचा एक धडा इथे लागू आहे. विष शरीरात गेले त्याचा मोठा वाटा कातडीवाटे गेला होता. मजुरांच्या कातडीवर किती रसायन बसते आहे याची मोजदाद आधीच्या हंगामांत झाली असती, तर रुग्णालयाचे वॉर्ड भरण्यापूर्वी इशारा मिळाला असता. त्वचेवरचे पुरळ हा संपर्काचा सर्वांत स्वस्त आणि उघड्या डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. तो वाया घालवणे शहाणपणाचे नाही.

आता फळाची गोष्ट. २००३ च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेबाहेर सापडले आणि निर्यात संकटात आली. त्यानंतर कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडाने अवशेष-नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली. २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय माग काढणारी व्यवस्था आली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, बागायतदाराने फवारणीची नोंदवही ठेवायची, तोडणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि रॉटरडॅमच्या दुकानातल्या खोक्यावरून थेट दिंडोरीच्या गट क्रमांकापर्यंत पोचता आले पाहिजे. ज्या रसायनाला युरोपात स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच मुभा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे पुन्हा फटका बसला आणि तेही रसायन तपासणीच्या जाळ्यात आले. परिणाम असा की नाशिकमधल्या कोणत्याही जाणत्या बागायतदाराला कोणत्या औषधाची शेवटची फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी थांबवायची, हे तोंडपाठ असते. फवारणीनंतर माणसांनी बागेत किती तासांनी शिरावे, हा दुसरा आकडा मात्र चर्चासत्रांत, शिफारसपत्रकांत, दुकानात फारसा ऐकू येत नाही. दोन्ही आकडे एकाच फवारणीचे. एकाचा भंग झाला तर कंटेनर परत येतो, दुसऱ्याचा भंग झाला तर काहीच परत येत नाही. म्हणून एक पाठ झाला आणि दुसरा राहिला.

इथे कोणी म्हणेल की परदेशी खरेदीदारांच्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्रात पुनःप्रवेशाचा काळ, हात धुण्याची सोय, मजुरांचे प्रशिक्षण हे सगळे आहे. आहे, आणि त्याचा काही बागांत उपयोगही झाला आहे. पण ते प्रमाणपत्र खरेदीदाराशी केलेला खासगी करार आहे. निर्यात न होणाऱ्या, वाशी किंवा स्थानिक बाजारात जाणाऱ्या अथवा बेदाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्राक्षांना ते लागू नाही, आणि मजुराला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही. अमेरिकेत १९९२ च्या शेतमजूर संरक्षण मानकांनी हाच मुद्दा कायद्यात आणला. तिथे मॅन्कोझेब फवारलेल्या बागेत सर्वसाधारणपणे चोवीस तास संरक्षक साधनांशिवाय शिरता येत नाही. चोवीस तास म्हणजे टोळीला एक दिवस दुसऱ्या पट्टीत काम देणे. कामाचे नियोजन करणाऱ्या बागायतदाराला हे अशक्य नाही, फक्त ते कोणी मागितलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि शास्त्रीय आहे. महाराष्ट्रातल्या शेतमजुरांच्या त्वचादाहाचे मोठे कारण गाजरगवत आहे, बुरशीनाशक नव्हे, असे काही त्वचारोगतज्ज्ञ म्हणतील. यात तथ्य आहे. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात हे गवत प्रथम दिसले आणि त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की १९७० च्या दशकात पुण्यातील निरीक्षणे परदेशी त्वचारोग नियतकालिकांत पोचली. गाजरगवताचा दाहही पापण्या, मान, कोपराची खोबण अशा उघड्या जागीच होतो, त्यामुळे नुसते पाहून दोन्हींत फरक करणे कठीण. पण मग हा फरक दाखवणारी चाचणी करावी लागेल. योसेफ यादासोन या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये मांडलेली पॅच चाचणी आजही तीच आहे. संशयित पदार्थाचा ठरावीक पातळ अंश पाठीवर चिकटपट्टीखाली ठेवायचा, दोन दिवसांनी काढून पाहायचा आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहायचा. आपल्याकडच्या नेहमीच्या संचात गाजरगवत असते, रबरातले थाययुराम गटाचे मिश्रणही असते. पण बागेत प्रत्यक्ष वापरली जाणारी मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल, कॅप्टन ही द्रव्ये त्यात क्वचितच असतात. जे चाचणीत ठेवलेलेच नाही ते कारण म्हणून सापडणार कसे? पनामात १९९० च्या दशकात केळीबागांच्या मजुरांवर स्थानिक औषधांच्या पॅच चाचण्या केल्या, तेव्हा क्लोरोथॅलोनिलची ॲलर्जी आणि त्यासोबत कातडीवर राखाडी डाग पडलेले मजूर सापडले. गाजरगवत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. एका ज्ञात आरोपीमुळे दुसऱ्याची चौकशीच होऊ नये, हे मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप: खाजच तर आहे, जीव तर जात नाही. ज्यांची रोजची कमाई हातावर आहे त्यांना हे म्हणणे क्रूर आहे, पण भावना बाजूला ठेवू. ॲलर्जी एकदा जडली की त्या माणसाला त्या पिकाचे काम सोडावे लागते किंवा दुखणे सोसत करावे लागते. म्हणजे हंगामी मजुराचे कौशल्यच बाद होते. शिवाय कातडी हे शरीरात जाण्याचे दारही आहे. मॅन्कोझेब विघटित होऊन तयार होणारे एथिलीन थायोयुरिया थायरॉइडवर परिणाम करते, आणि २०२० च्या अखेरीस युरोपीय संघाने मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवण्यास नकार दिला तो प्रजननाला घातकता आणि संप्रेरकांवरील परिणाम या कारणांनी. त्वचेच्या तक्रारीसाठी तो निर्णय नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण जे द्रव्य हातावर दिसते आहे तेच आतही जाते आहे. बोर्डो मिश्रणाची गोष्टही लक्षात ठेवावी. १८८५ मध्ये मियार्दे या शास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये ते केवड्यावरचा उपाय म्हणून जाहीर केले. जवळजवळ शतकभर ते निरुपद्रवी मानले गेले आणि १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी ते फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत तांब्याचे साठे आणि व्रण वर्णन केले. सेंद्रिय शेती केली की प्रश्न मिटेल, असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर: बोर्डो आणि गंधक दोन्ही सेंद्रिय शेतीत चालतात आणि दोन्ही कातडीला भाजतात. पेस्टिंगचे हायड्रोजन सायनामाइड तर आणखी एक गोंधळ घालते. ते अंगात गेल्यावर संध्याकाळी थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, चक्कर येते, आणि दोष सगळा दारूच्या माथी जातो.

चौथे म्हणणे असे की संरक्षक कपडे द्या आणि विषय संपवा. यवतमाळनंतर हाच मार्ग सर्वांत सोपा वाटला होता. पण दमट उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर विरळणी होत नाही, आणि मजूर तो काढून ठेवतात तेव्हा त्यांना बेफिकीर ठरवले जाते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीडनाशक आचारसंहितेत अगदी स्पष्ट म्हटले आहे की ज्यांच्या वापरासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, अशी रसायने उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत टाळावीत. हातमोज्यांची आणखी एक अडचण आहे. रबर पक्के करण्यासाठी जी द्रव्ये मिसळतात त्यांत थाययुराम आणि डायथायोकार्बामेट गट प्रमुख आहेत, आणि थायरम त्याच कुळातले. थायरमची ॲलर्जी जडलेल्या बाईला रबरी हातमोजे दिले, तर संरक्षणच तिचे हात पुन्हा सुजवू शकते. हातमोजे नकोत, असा याचा अर्थ नाही. कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे न शोधता वाटलेले साधन उलटू शकते, असा आहे. म्हणजे आपण पुन्हा नोंदीवरच येतो.

पाचवा आक्षेप बागायतदाराचा, आणि तो मी सर्वांत आदराने घेतो. कर्ज, पाऊस, दराची पडझड यांत आणखी एक कागद, आणखी एक निरीक्षक कशाला? मॅन्कोझेब स्वस्त आहे, बुरशीवर अनेक ठिकाणी एकदम काम करते, त्यामुळे त्याला प्रतिकारशक्ती सहज येत नाही. ते काढून घेतले तर महागड्या औषधांवर जावे लागेल. हे सगळे खरे आहे, म्हणूनच मी बंदीची मागणी करत नाही. २०२० मध्ये केंद्राने २७ रसायनांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब, कॅप्टन, थायरम, कार्बेन्डाझिम होती. २०२३ च्या अंतिम आदेशात त्यांतल्या मोजक्याच द्रव्यांवर बंदी आली. बंदीची चर्चा अशी वर्षानुवर्षे चालते आणि तोवर हात तसेच राहतात. नोंद करण्यासाठी मात्र कुठल्या औषधावर बंदी आणण्याची गरज पडत नाही. शिवाय २००३ नंतरही, अवशेष तपासणीने शेतकरी बुडेल, असे म्हणणारे होते. प्रत्यक्षात त्याच शिस्तीने महाराष्ट्राचे द्राक्ष युरोपच्या बाजारात टिकले. आणि बागायतदार स्वतः, त्याची मुले, त्याची बायको याच पानांत हात घालतात; हा प्रश्न मालक विरुद्ध मजूर असा नाही.

नोंदीने काय साधते याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तिथे कीडनाशकाशी संबंधित आजाराचा नुसता संशय आला तरी डॉक्टरने आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचे, हे १९७० च्या दशकापासून बंधनकारक आहे. १९८६ मध्ये टुलारी परगण्यात संत्री तोडणाऱ्या १९८ मजुरांपैकी ११४ जणांच्या कातडीवर तीव्र दाह उठला. कळवण्याची सक्ती होती म्हणून सगळे रुग्ण एकत्र दिसले, आणि कारण सापडले: एका कोळीनाशकाचे नवे मिश्रण पानांवर अपेक्षेपेक्षा जास्त दिवस टिकत होते. पुनःप्रवेशाचा काळ वाढवावा लागला. तिथले ११४ रुग्ण एकेकटे वेगवेगळ्या दुकानांत मलम घ्यायला गेले असते, तर ते मिश्रण पुढच्या वर्षी आणखी बागांवर गेले असते.

म्हणून करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. राज्य सरकारने २६ व्या कलमाखाली अधिसूचना काढून कीडनाशके आणि बुरशीनाशके यांच्या संपर्कानंतरचे त्वचाविकार सर्व सरकारी आणि खासगी डॉक्टरांनी कळवावेत, असे नावानिशी सांगावे. सुरुवात नाशिक आणि सांगली या दोन जिल्ह्यांत करता येईल. बागायतदार जी फवारणीची नोंदवही ठेवतोच, तिच्यात एक रकाना वाढवावा: ‘या बागेत माणसांनी अमुक तारखेपूर्वी, अमुक वेळेपूर्वी शिरू नये’, आणि तेच बागेच्या तोंडाशी पाटीवर मराठीत लिहावे. डब्याच्या त्रिकोणाशेजारी ॲलर्जीचे वेगळे ठळक चिन्ह यावे, रंग हिरवा असला तरीही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. त्याच्याशी संलग्न त्वचारोग विभागांनी द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोवर प्रत्यक्ष फवारल्या जाणाऱ्या बुरशीनाशकांचा पॅच चाचणीचा संच तयार करावा. आणि प्रत्येक बागेत हात धुण्यासाठी पाणी आणि साबण असावा. हा सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी करता येतो.

श्रोतेहो, या शहराच्या हाती बाजार आणि बंदर दोन्ही आहेत, म्हणून या मागणीला इथून वजन येऊ शकते. निर्यातदार, बाजारसमितीतले व्यापारी, गृहनिर्माण संस्थांच्या आवारात थेट बागेतून पेट्या मागवणारे आपण, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारायला हवा: या बागेत पुनःप्रवेशाची नोंद ठेवली जाते का? युरोपच्या ग्राहकाने आपल्या जिभेसाठी असाच प्रश्न विचारला तेव्हा तीन वर्षांत ग्रेपनेट उभे राहिले. आपण तो आपल्याच माणसांच्या हातांसाठी विचारला, तर याहून जास्त वेळ लागण्याचे कारण नाही.